ओहोटीला धावलेल्यांची वही

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीची फेरीबोट लागली की गाड्या चढवताना ठरलेला गोंधळ होतो. मागे घ्या, पुढे घ्या, हँडब्रेक ओढा. त्या गोंधळात एकदा माझ्या शेजारी एक पिकअप येऊन उभी राहिली. मागे पेंढ्यावर दोन बैल आणि त्यांच्या मधोमध कासरा धरून बसलेला विशी-बाविशीचा पोरगा. पुढच्या काचेवर बैलाचं नाव ठसठशीत अक्षरांत, त्याखाली मालकाचं नाव, गावाचं नाव, आणि कोपऱ्यात एका पुढाऱ्याचा हसरा फोटो. पोराला विचारलं, "गाडी कोण हाकतो?" तो म्हणाला, "मीच की." मी पुन्हा एकदा काच वाचली. त्याचं नाव कुठेच नव्हतं. आजवर किती शर्यती जिंकलास, असं विचारल्यावर त्याने खांदे उडवले. "ते शेटना ठाऊक."

राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर दिघी, उत्तरेला आगरदांडा, आणि मुखाशी जंजिरा. दिघी श्रीवर्धन तालुक्यात, पलीकडचा काठ मुरूडचा. तिथून वर अलिबागपर्यंत ज्या पुळणी पसरल्या आहेत, त्यांवर बैलगाड्या आणि घोडागाड्या धावतात. भाताचं खाचर आणि खारजमीन यांच्या मुलखात लांब, सरळ आणि सपाट धाव मिळते ती पुळणीवरच, तीही ओहोटीला. भरतीच्या वेळी मैदान समुद्राच्या मालकीचं असतं, त्यामुळे शर्यतीची वेळ आयोजकांइतकीच तिथीही ठरवते. ओल्या वाळूचा पट्टा घट्ट बसलेला असतो, चाक रुतत नाही, बैलाच्या खुराला जोर घेता येतो. दहा पावलं वर कोरड्या वाळूत गाडी गेली की संपलं. मुंबई-पुण्याच्या पर्यटकांची वाळूत रुतलेली महागडी वाहनं दोर लावून ओढणाऱ्या गावकऱ्यांना हे भौतिकशास्त्र चांगलं ठाऊक आहे.

मग या शर्यतींच्या माणसांचं पुढे काय होतं? धावणाऱ्याला, हाकणाऱ्याला, गाडी बांधणाऱ्याला खेळाडू म्हणून कोणी मोजतं का? आपल्याकडे हा प्रश्न विचारला की लोक हसतात. अमेरिकेत, जिथे गावोगावच्या धुळीच्या रिंगणांत 'स्टॉक कार' शर्यती चालतात, तिथे हसत नाहीत. तिथली लहान लहान शहरंसुद्धा आपापल्या खेळाडूंची कीर्तिदालनं बाळगतात. शाळेच्या बेसबॉल प्रशिक्षकाच्या तसबिरीशेजारी शनिवारी रात्री गॅरेजमधली गाडी पळवणाऱ्या स्थानिक चालकाची तसबीर लागते. स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानात मिळते तीच गाडी, थोडी हात फिरवलेली. आपल्याकडे कधीकाळी नांगराला जुंपलेलाच बैल जत्रेत पळायचा, तशीच गोष्ट. पुढे दोन्हीकडे खास शर्यतीचा वाण तयार झाला. तिथे इंजिन बदललं, इथे खुराक.

या तुलनेत मला सर्वांत जवळचा वाटतो तो फ्लोरिडातल्या डेटोनाचा किनारा. स्टॉक कार शर्यतीचा जन्म कुठल्या भव्य स्टेडियममध्ये नव्हे, पुळणीवर झाला. तिथली ओली वाळू इतकी घट्ट की १९३५ मध्ये माल्कम कॅम्पबेलने तिच्यावर ताशी २७६ मैलांचा वेग गाठला होता. पुढच्याच वर्षी नगरपालिकेने शर्यत भरवली. निम्मी धाव वाळूवरून, निम्मी किनाऱ्यालगतच्या रस्त्यावरून. वळणांवरची वाळू उखणली गेली, गाड्या रुतल्या, ठरलेलं अंतर पूर्ण होण्याआधीच शर्यत थांबवावी लागली, आणि नगरपालिकेने हजारो डॉलर गमावले. त्या दिवशी पाचवा आलेला बिल फ्रान्स नावाचा मेकॅनिक गावातच पेट्रोलपंप चालवायचा. पुढे त्यानेच हा खेळ बांधला.

त्याने खेळ बांधला तो सिमेंटने नव्हे, वहीने. त्या काळी शर्यत भरवणारे काही भामटे बक्षिसाची रक्कम घेऊन शेवटची फेरी संपायच्या आत पसार होत. एका गावचा विजेता दुसऱ्या गावाला माहीत नसे, 'राष्ट्रीय विजेता' तर जो तो स्वतःला म्हणवून घेई. डिसेंबर १९४७ मध्ये डेटोनातल्या स्ट्रीमलाइन हॉटेलात फ्रान्सने चालक, मेकॅनिक आणि आयोजक यांना एकत्र बसवलं, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत 'नॅस्कार' ही संस्था नोंदली गेली. सगळीकडे एकच नियम, एकच गुणतक्ता, बक्षिसाची हमी, जखमी चालकासाठी निधी, एवढंच तिचं भांडवल. वाळूवरची शर्यत १९५८ पर्यंत चालली, १९५९ मध्ये पक्का ट्रॅक आला. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात नॅस्कारचं कीर्तिदालन उघडलं ते थेट मे २०१० मध्ये. म्हणजे वही आधी आणि इमारत तिच्यानंतर बासष्ट वर्षांनी. आपल्याकडे असलं काही सुचलं की सर्वांत आधी भूमिपूजन होतं, हे सांगायला नको.

त्या दालनात पहिल्याच वर्षी निवडलेल्या पाच जणांत ज्युनियर जॉन्सन होता. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात चोरटी दारू गाळणाऱ्या घरातला पोरगा. रात्री दारूचे कॅन भरून पोलिसांपुढे गाडी पळवताना तो चालवायला शिकला. १९५६ मध्ये भट्टीवर पकडला गेला, तुरुंगात गेला, परत येऊन पुन्हा शर्यती जिंकू लागला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८६ मध्ये त्याला माफी दिली. रेमंड पार्क्सही त्याच धंद्यातून आलेला. नॅस्कारच्या पहिल्या विजेत्या गाडीचा हा मालक, पण दालनात त्याला स्थान मिळालं २०१७ मध्ये. तोवर तो गेलेला होता.

हे वाचताना आपल्याकडच्या माणसाला काही आठवल्याशिवाय राहणार नाही. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०११ मध्ये बैलाला प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही थांबवल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, तिला मुंबई उच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. मधल्या सात वर्षांत शर्यती थांबल्या का? कागदावर थांबल्या. पहाटे उठून, पोलीस पाटलाची नजर चुकवून, जागा ऐनवेळी फोनवरून बदलून त्या होत राहिल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या झरे गावात तर आमदार गोपीचंद पडळकर यांनी उघड आव्हान देऊन शर्यत घडवली. कित्येक शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले आणि परवानगी आल्यावर ते मागे घ्यायचं सरकारने ठरवलं. ही आपली रेगनछाप माफी. फरक इतकाच की जॉन्सनला माफी मिळाली तेव्हा त्याने किती शर्यती जिंकल्या हे कोणीही वहीत पाहून सांगू शकत होतं: पन्नास.

आपल्याकडे वही कुठे आहे, हे पाहायला गेलं तर महाराष्ट्राचे तीन तुकडे पडतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यात गाडा घाटातून पळतो. चार बैल, पुढे घोडी, घोडीवर स्वार आणि गाड्यावर कोणीच नाही. तिथे मोजमाप सेकंदांचं. एकेक बारी सुटते, घड्याळ लागतं, सेकंदाच्या भागावरून 'घाटाचा राजा' ठरतो. म्हणजे आकडा आहे, पण एका घाटाची चढण दुसऱ्यासारखी नाही, त्यामुळे आकडा त्या घाटापुरता. सातारा, सांगली, सोलापूरकडे छकड्यावर माणूस असतो आणि त्याला सरळ 'ड्रायव्हर' म्हणतात. बैलांचे दातांवरून वर्ग, आदत, दुसा, चौसा. आधी गट, मग सेमीफायनल, मग फायनल. तिथे घड्याळापेक्षा निशाण महत्त्वाचं, आणि लेखाजोखा लाउडस्पीकरवरच्या निवेदकाच्या डोक्यात. अशा निवेदकांची स्मरणशक्ती थक्क करणारी असते. कुठल्या बैलाने कुठल्या साली कुठल्या मैदानात कोणाच्या जोडीने बाजी मारली, ते एका दमात सांगतात. पण तो माणूस गेला की दफ्तर गेलं.

तिसरा तुकडा आमचा, किनाऱ्याचा. इथे ना सेकंदांची परंपरा मुरली, ना गट-फायनलची शिस्त. पुळणीवर गाड्या शेजारी शेजारी सुटतात, बाजूने मोटारसायकली धावतात, आरोळ्या उठतात, आणि निकाल लागतो तो पंचांच्या डोळ्यांनी आणि कधीकधी आवाजाच्या जोरावर. तरीही कौशल्याच्या बाबतीत मी किनाऱ्याच्या हाकणाऱ्याला खाली धरणार नाही. घाटातल्या गाड्याला वाट ठरलेली असते. पुळणीवर वाट त्यालाच निवडावी लागते: पाण्याच्या किती जवळून जायचं, कुठे वाळू पोकळ आहे, लाट आत आली तर बैल बुजेल की नाही. डेटोनाचे जुने चालकही हेच करायचे. पाण्याच्या कडेने गाडी घालायची, पण मीठपाणी इंजिनात जाऊ द्यायचं नाही.

मग मान मिळतो कोणाला? मराठीत 'मानकरी' हा शब्द जत्रेत हमखास ऐकू येतो. पालखीला खांदा देण्याचा मान, पहिल्या नारळाचा मान, आणि तो बहुधा घराण्याने चालत आलेला. शर्यतीतला मान तसा नाही, तो कमवावा लागतो, आणि सध्या तो सर्वांत जास्त कमावतो बैल. याबद्दल मला तक्रार नाही, धावतो तोच. सातारा जिल्ह्यात पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेतलं मैदान राज्यभर गाजतं. कुस्तीतला 'हिंदकेसरी' हा किताब आता बैलांच्या नावापुढे लागतो. २०२३ मध्ये डबल महाराष्ट्र केसरी पैलवान चंद्रहार पाटील यांनी विट्याजवळ भाळवणीला भरवलेल्या शर्यतीत पहिलं बक्षीस थार गाडी होतं. बकासूर हे नाव ज्याने ऐकलं नाही असा माणूस पश्चिम महाराष्ट्रात शोधावा लागेल. पण त्याच्यामागे छकड्यावर उभा असलेला ड्रायव्हर कोण, हे विचारलं की मैदानाबाहेरची शंभरातली नव्वद माणसं गप्प होतात.

माणसांत प्रसिद्धी मिळाली तर ती मालकाला. आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण म्हणजे पनवेलजवळच्या विहीघरचे पंढरीनाथ फडके. अंगावर किलोकिलोने सोनं, गाडीच्या टपावर बसून मैदानात येण्याची त्यांची तऱ्हा, आणि बैलांवरचा जीव यामुळे ते राज्यभर ओळखले जात. बादल नावाच्या बैलासाठी त्यांनी अकरा लाख रुपये मोजल्याची गोष्ट अजून सांगितली जाते. त्यांच्याभोवती वादही होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले तेव्हा ज्या लोकांनी कधी शर्यत पाहिली नव्हती, त्यांच्याही मोबाइलवर ती बातमी पोचली. रायगडात उद्या खरोखर असं दालन झालं तर पहिला वाद त्यांच्या तसबिरीवरून होईल, आणि तो व्हावाही. जॉन्सनच्या निवडीमागेही दारूच्या भट्टीची गोष्ट लपवून ठेवलेली नव्हती. दालनाला भूतकाळ धुऊन काढायची गरज नसते, तो नीट लिहून ठेवला म्हणजे पुरतं.

सरकारी मान्यतेची वाट पाहणाऱ्यांसाठी चित्र आणखी विरळ आहे. महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कार १९६९-७० पासून दिला जातो, आणि त्यात कबड्डी, खो-खो, मल्लखांब यांसारख्या मातीतल्या खेळांना मानाचं स्थान आहे. पण त्यांच्यामागे संघटना आहेत, नियमपुस्तकं आहेत, राज्य अजिंक्यपद स्पर्धा आहेत. बैल हाकणाऱ्याच्या अर्जाला जोडायचं काय? फेसबुकवरची चित्रफीत? मोटारशर्यतीवाल्यांनाही हा वनवास चुकला नाही. पहिली हिमालयन रॅली १९८० मध्ये मुंबईतून सुटली होती, पण रॅलीच्या चालकाला अर्जुन पुरस्कार मिळायला २०१९ उजाडलं, आणि तो मिळाला दिल्लीच्या गौरव गिलला. दहीहंडीचं उलटं झालं. ऑगस्ट २०२२ मध्ये तिला साहसी खेळाचा दर्जा आणि गोविंदांना खेळाडू कोट्यातून नोकरी अशी घोषणा एका दिवसात झाली, आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी पोरं भडकली. त्यांचा राग मला समजतो. कोणत्या थराला कोण, कधी, किती वेळ उभा होता याची नोंद नसताना खेळाडू ठरवायचा कसा?

शेजारच्या कर्नाटकाकडे पाहावं. फेब्रुवारी २०२० मध्ये किनारी कर्नाटकात कंबळ शर्यतीत रेड्यांमागे चिखलातून धावणाऱ्या श्रीनिवास गौडाने १४२.५ मीटरची धाव १३.६२ सेकंदांत संपवली. कोणीतरी त्रैराशिक मांडून शंभर मीटरला ९.५५ सेकंद असं गणित काढलं आणि उसेन बोल्टच्या विक्रमाशी तुलना करून देशभर गहजब केला. तुलना चुकीचीच होती. पुढे रेडे ओढत असताना धावणं आणि एकट्याने धावणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर. गौडाने स्वतःच धावण्याच्या चाचणीचं निमंत्रण नाकारलं. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे: गणित करायला आकडा होता. कंबळाच्या आयोजकांकडे धावपट्टीची लांबी मीटरच्या दशांशापर्यंत आणि वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत होती, म्हणून दक्षिण कन्नडमधला एक मजूर रातोरात देशाला नावानिशी कळला. मालकाचं नाव किती जणांना आठवतं? तमिळनाडूने तर जानेवारी २०२४ मध्ये मदुराई जिल्ह्यात अलंगनल्लूरजवळ जल्लिकट्टूसाठी पक्कं क्रीडांगणच बांधलं.

नोंदीची ताकद काय असते, याचं मला माहीत असलेलं सर्वांत बोचरं उदाहरण मात्र अमेरिकेतलंच आहे. वेंडेल स्कॉट हा व्हर्जिनियातला कृष्णवर्णीय मेकॅनिक, स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करून पळवणारा. १ डिसेंबर १९६३ ला फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये तो जिंकला, पण झेंडा, करंडक आणि छायाचित्र दुसऱ्याच चालकाला मिळालं. स्कॉटने फेऱ्या पुन्हा मोजायला लावल्या. मोजणीच्या तक्त्यांवरून काही तासांनी कळलं की जिंकला तोच. तोवर प्रेक्षक घरी गेले होते. तो १९९० मध्ये वारला, २०१५ मध्ये कीर्तिदालनात गेला आणि त्या शर्यतीचा करंडक त्याच्या घरच्यांच्या हाती पडला २०२१ मध्ये. अठ्ठावन्न वर्षांनी का होईना, पडला, कारण कोणीतरी फेऱ्या लिहून ठेवल्या होत्या.

उशिराच्या मानाचं आपल्याला अप्रूप नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ मध्ये ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार आला त्यानंतर सोळा-सतरा वर्षांनी. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्याचा क्रीडा दिन आहे. खाशाबांचं पदक तरी कोणाला नाकारता येण्यासारखं नव्हतं, ते ऑलिंपिकच्या दफ्तरात होतं. पुळणीवर जिंकलेल्याचं दफ्तर कोणतं?

या सगळ्यात बैलाच्या बाजूने कोणी बोलावं, तर न्यायालयाने २०१४ मध्ये बोलून ठेवलं आहे: शर्यतीत पळावं अशी बैलाची शरीररचना नाही. हे वाक्य शौकिनांना झोंबतं, पण शेपटी पिरगळणं, टोचणी, दारू पाजणं हे प्रकार होत नव्हते असं छातीठोकपणे सांगणारा शौकीन मला अजून भेटायचा आहे. म्हणून कधी मानकरी निवडायचे झाले तर माझी पसंती वेगवान हाकणाऱ्याआधी त्याला, ज्याचा बैल दहा वर्षं पळून म्हातारा होऊन त्याच्याच गोठ्यात मेला. त्याच्याबरोबर हलका छकडा बांधणारा सुतार, खिल्लाराची पैदास सांभाळणारा आणि तो निवेदकही. नॅस्कारच्या दालनात इंजिन बांधणारे आणि गाडीमालक आहेत, रेडिओवरून शर्यत ऐकवणाऱ्यांसाठीही वेगळा पुरस्कार आहे. शिवाय जुन्या काळातल्यांसाठी मतपत्रिकाच निराळी, म्हणजे आजच्या ताऱ्यांच्या झगमगाटात पार्क्ससारखी माणसं हरवू नयेत.

आणि आता एक गंमत. २०१७ च्या दुरुस्तीने आणि तिच्यानंतरच्या नियमांनी शर्यत हजार मीटरांपुरती बांधली, काठी-चाबकाला मनाई केली आणि क्रूरता झाली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. आयोजकाने जिल्हाधिकाऱ्याची परवानगी घ्यायची, बैलांचा पशुवैद्यकाकडून दाखला आणायचा, सगळ्याचं चित्रीकरण करायचं. म्हणजे रायगडात जिथे रीतसर शर्यत झाली, तिथली तारीख, जागा आणि बैल हे सगळं अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फायलींत जाऊन पडतंय. शौकिनांनी इतक्या वर्षांत जे केलं नाही, ते बंदीच्या भीतीने होऊ लागलंय. त्या फायली ठरावीक वर्षांनी नष्ट करायच्या यादीत जाण्याआधी कोणीतरी एखादी दोनशे पानी वही घेऊन तिथे बसायला हवं. बाकीचं काम फेरीबोटीवरच्या पोरालाच विचारून होईल. निदान त्याच्या नावापासून सुरुवात करता येईल; ते मी त्या दिवशी विचारायचं विसरलो.